नऊ केबी कमी

पायगोंडा सरांचा फोन आला तेव्हा मी हुबळीत होतो, जेवत.
"मशीन उठतंय. गेम उठत न्हाई. येतोस?"
सव्वीस वर्षांनी एवढंच बोलले.
शनिवारी भंगारवाला मैनुद्दीन येणार होता,
बंद असेल तर किलोवर, चालू असेल तर नगावर.

निपाणी. तंबाखूच्या वखारीवरची तीच खोली.
कॅबिनेट उघडलं आणि आधी शिंका आल्या.
पंख्याच्या पात्यांवर तपकिरी थर:
खाली चाळणी चालायची, वर आम्ही टाइप करायचो,
मशीनलाही सवय लागलेली दिसते.

बटणसेल कधीचा मेलेला.
दर वेळी उठलं की त्याला वाटतं
आज एक जानेवारी, एकोणीसशे ऐंशी.
दर वेळी सांगावं लागतं, नाही बाबा,
बरंच पुढं गेलंय.
घड्याळवाल्याकडनं सेल आणला, तेव्हा कुठं पटलं.

मग काळ्या पडद्यावर पांढरी ओळ:
मेमरी पुरत नाही.
पाहिजे पाचशे ऐंशी, आहे पाचशे एकाहत्तर.

सहाशे चाळीसच्या पलीकडं तीन मेगाबाइट मोकळं रान पडलेलं,
पण डॉसचं म्हणजे आपल्या कोगनोळी नाक्यासारखं,
रस्ता तोच, डांबर तेच,
तरी पलीकडं जायला कागद लागतो.

"कोण खातंय बघ की," सर म्हणाले.

माऊस सरांनी आधीच काढलेला.
उरले दोघे, उठल्याबरोबर येऊन बसणारे:
कन्नडचा कळफलक, आठ केबी.
मराठीचा, सात.
सकाळी नगरपालिकेचे अर्ज, दुपारी वखारीच्या पावत्या,
दोन्ही लागायचेच.

"एक काढूया?" मी विचारलं
आणि विचारल्यावर जीभ चावली.
सरांनी चष्म्यावरून बघितलं. "कुठला?"
तोंडातल्या तोंडात वजाबाकी केली.
आठ काढले तर एक कमी पडतो, सात काढले तर दोन.
सुटलो.

"काढू नको," सर म्हणाले, "वर चढीव."

सहाशे चाळीसच्या वर एक चिंचोळा माळा असतो, तिथं.
आधी मराठी चढवला. कन्नड मावेना.
उलटं करून बघितलं. दोघेही बसले.
सर हसले. "वडापात कसं? चढताना लई जागा लागती,
बसल्यावर कमी. थोराड माणूस आधी घ्यायचा,
किरकोळ मागनं शिरतोय."
हे मला कुठल्याच कॉलेजात सांगितलं नव्हतं.

पाचशे शहाऐंशी.
सहा केबी शिल्लक. एंटर.

जहाज आलं. शिडं चौकोनाचौकोनानं उलगडली.
आवाज नव्हता: प्रिंटरच्या जागेवर साउंड कार्ड बसलेलं,
त्याला पाचवर हलवलं, तेव्हा बेडूक ओरडल्यासारखं संगीत सुरू झालं,
आणि लगेच एक खिडकी उघडली:
पुस्तिकेच्या चौदाव्या पानावरचा तिसरा शब्द टाइप करा.

पुस्तिका?
"ती झेरॉक्स होती. वाळवीनं नेली."
दोघंही पडद्याकडं बघत बसलो.
मग सर उठले, पतसंस्थेचं कॅलेंडर भिंतीवरून बाजूला केलं.

पेन्सिलीची यादी. गिलाव्यावर, इराण्णा मगदूमच्या हातची.
इंग्रजी शब्द, कन्नड अक्षरात,
कारण तो कन्नड शाळेतला.
मी मराठी शाळेतला. कन्नड मुळाक्षरं मला
कुठल्या मास्तरनं नाही शिकवली,
पंधरा मिनिटांना दोन रुपये मोजून
या भिंतीवर शिकलो, जहाज हलावं म्हणून.

चौदा-तीन. बोट ठेवून वाचलं,
ल, मग ती वळणाची वेलांटी...
लँटर्न.
तेव्हा अर्थ एकालाही ठाऊक नव्हता.
कप्तानाच्या बायकोचं नाव असणार,
असं इराण्णाचं मत होतं, आणि आम्ही ते मानलं होतं.

खिडकी मिटली. समुद्र.

खाली टेंपोचा हॉर्न वाजला, दोनदा.
सरांनी खुर्ची पुढं ओढली,
कीबोर्ड स्वतःकडं घेतला.
"तडी म्हण त्याला," म्हणाले,
"आणि हे डावीकडं वळतंय कशानं, ते सांग आधी."