नमुन्याची बादली

पहाटे साडेपाचला मी संकलन केंद्राचं शटर वर करतो
तेव्हा अर्ध्या गावाचं दूध ओट्यावर येऊन बसलेलं असतं.
कॅनची झाकणं, विडीचा धूर, कोणाचा तरी खोकला.
नमुना घ्यायचा, यंत्रात घालायचा,
यंत्र बोलत नाही, नुसते आकडे देतं.

बारा वर्षं झाली. आता मला माणसं आकड्यांनीच आठवतात.
गुणवंतराव कोल्हे : सात पॉइंट एक, म्हैस, एक शिंग वाकडं.
बेबीताई मरसकोल्हे : चार पॉइंट चार, गवळाऊ गाय,
पांढरी, लांबट तोंडाची, दूध थोडं, नखरे फार.
देविदास चौधरी : तीन पॉइंट सहा, जर्सी,
सोमवारी मात्र तीन,
कारण रविवारी त्याच्याकडे सोयरे येतात
आणि कॅन तर भरलेला दिसला पाहिजे.

चौदा महिन्यांच्या दुर्वीला ठेवून
सारिका धारणीला नर्स म्हणून रुजू झाली
आणि माझ्याजवळचे आकडे संपले.

‘म्हशीचं देजो,’ गुणवंतराव म्हणाले,
बाही वर सारून सत्तर वर्षांचा दंड दाखवला.
‘अन् पोट्टी म्हशीवानी दिवसभर लोळत राहीन,’
बेबीताई रांगेतून बोलल्या, ‘गाईचं दे बाप्पा, अक्कल येते.’
कमरुन्निसा खाला काहीच बोलली नाही,
दुसऱ्या दिवशी तांब्याभर बकरीचं दूध ठेवून गेली,
त्याला बाभळीच्या शेंगांचा वास.
मेडिकलवाल्यानं डबा काढून दिला.
डब्यावरचं बाळ काही आमच्या तालुक्यातलं नव्हतं.

अंगणवाडीच्या ताईंनी दुर्वीला काट्यावर टांगलं,
तक्त्यावर टिंब काढलं, हिरव्याच्या अगदी काठाला.
‘कोणतंबी द्या भाऊ,
पण नुसत्या दुधावर ठेवू नका, वरण-भात कुस्करा.’

रात्री सारिकाचा फोन. धारणीची रेंज,
चित्र येतं तेव्हा आवाज नाही.
‘गाईचं. पाणी घालायचं नाही. नीट उकळ.
बाटली नको, वाटी-चमचा.’
हे ती नर्सच्या आवाजात म्हणाली.
मग चित्र थिजलं,
छातीशी धरलेला पदर, त्यावर दोन ओले डाग.
मी रेंजला शिव्या दिल्या. दुसरं काय करणार होतो.

म्हशीचं दोन चमचे प्यायली, रात्रभर पोट दगडासारखं.
गाईचं माझ्या सदऱ्यावर थुंकली.
बकरीच्या दुधाचा वास घेऊन माझ्याकडे असं पाहिलं
जसं जिल्ह्याहून आलेला तपासनीस पाहतो.
डब्याचं तर झाकणच आवडलं तिला,
अजून वाजवते.

आठवडा गेला.
नमुन्यातून उरलेलं मी एका बादलीत ओतत जातो,
संध्याकाळी घरी नेतो, उकळतो, चहाला होतं.
त्या दिवशी चहा टाकायचा कंटाळा आला,
तसंच कोमट, पितळी पेल्यात घेऊन दारात बसलो.
दुर्वी बाजेच्या कडेनं धरत धरत आली,
गुडघ्यावर हात ठेवला,
पेला माझ्या हातातून घेतला, दोन्ही हातांनी,
आणि प्यायली.
श्वास न घेता, नाकानं बुडबुडे काढत,
तळ दिसेपर्यंत.
वरच्या ओठावर पांढरी मिशी,
आणि रिकामा पेला परत माझ्याकडे, अजून पाहिजे म्हणून.

त्यात कोल्ह्यांची म्हैस होती, बेबीताईची नखरेल गाय,
सतरा कॅन, सतरा गोठे, सरकी, ढेप, तुरीचं कुटार,
आणि सोमवार होता,
म्हणजे थोडं देविदासच्या विहिरीचं पाणीही.
फॅट मी काढलं नाही.

‘प्यायली?’ सारिका ओरडली, डोंगरावर उभी होती रेंजसाठी.
‘प्यायली.’
‘कोणतं?’
‘गावाचं,’ मी म्हणालो.
तिकडे खरखर झाली, तिला ‘गाईचं’ ऐकू आलं.
‘बघ, मी म्हटलं नव्हतं?’
तिचा आवाज इतका हलका झाला होता
की मी दुरुस्ती केली नाही.