कलकलांचा कंगवा

आमच्या घरात एक कंगवा आहे
ज्यानं आजवर एकही केस पाहिलेला नाही.
जांभळा, आरपार दिसणारा,
पप्पांनी पगाराच्या दिवशी लक्ष्मी रोडवरून आणलेला,
मी दुसरीत होते तेव्हा.
आणल्या आणल्या मम्मीनं तो उकळत्या पाण्यात टाकला
आणि विसरली.
तेव्हापासून तो जरासा वाकडा आहे,
हसू दाबून धरल्यासारखा.

वर्षभर बिस्किटांच्या डब्यात झोपतो,
करंजीच्या कातण्याशेजारी.
डिसेंबरच्या दुसऱ्या शनिवारी उठतो.
मैदा चाळलेला असतो, नारळाचं दूध पिळलेलं,
घोरपडीच्या थंडीत तूप असं गोठतं
की चमचाच उभा राहतो त्यात.
करवंदाएवढी गोळी घ्यायची,
कंगव्यावर अंगठ्यानं दाबायची, आपल्याकडे ओढायची,
की ती स्वतःभोवती गुंडाळी होऊन पडते परातीत.
सहावा दात नाही. रूबेननं चावला होता, लहानपणी.
म्हणून आमच्या प्रत्येक कलकलावर
एक रेघ रुंद असते.
कुणाच्याही ताटलीत ओळखू येतं,
रणनवऱ्यांच्या घरचं.

वरच्या पानसे काकूंचं पीठ आधी मळायचं,
बिनअंड्याचं.
ते वळून, तळून, पाकातून काढून
हिरवा दोरा बांधलेल्या डब्यात गेलं
की मगच घरात पहिलं अंडं फुटायचं.
तीस वर्षं हा नियम.
तरी तीस वर्षं काकू झाकण उघडण्याआधी विचारतात,
ह्यात अंडं नाही ना गं?

ह्या वर्षी घरातले सगळे कंगवे मी काढून टाकले.
मार्चमध्ये, तिसऱ्या सलाईननंतर.
आरशापुढचा, पर्समधला, न्हाणीच्या खिडकीतला,
पप्पांचा खिशातला काळा, जो त्यांच्यामागे उरला होता.
मम्मी बघत होती. स्कार्फची गाठ घट्ट केली
आणि म्हणाली, गॅसचा नंबर लावलास का?
बिस्किटांच्या डब्याचं
माझ्या लक्षातच आलं नाही.

आता डोक्यावर परत उगवलंय काहीतरी,
कुंडीत विस्कटून पेरलेल्या मेथीसारखं.
बोटांना मात्र मुंग्या आहेत अजून.
गोळी हातात आहे की नाही ते तिला
बघितल्याशिवाय कळत नाही.
तिची गुंडाळी सैल होते,
तेलात पडली की उलगडते,
हातपाय पसरून पोहायला लागते.
"काकूंचं आहे ना," म्हणते ती,
"अंडं नाही धरून ठेवायला."

मी झारा घेऊन कढईकडे वळले होते.
मागे परातीचा आवाज थांबला.
वळून पाहिलं तर
मम्मी तो वाकडा कंगवा
कपाळापासून मागे नेत होती,
सावकाश, डोळे मिटून,
आणि मेथीत पांढऱ्या रेघा उमटत होत्या मैद्याच्या.
एक रेघ रुंद.

मम्मी, तो कलकलांचा आहे!

तिनं डोळे उघडले नाहीत.
"मग? मी काय कमी तळून निघालेय?"

झारा माझ्या हातात तसाच.
एक घाणा करपला.
काळी कलकलं आम्ही दोघींनी उभ्या उभ्या खाल्ली,
पाकात न घालता,
कडू, कुरकुरीत, जीभ भाजणारी,
आणि रूबेनला फोन लावून काहीच न सांगता
नुसत्या हसत राहिलो.

मग मी पाणी उकळलं.
ह्या खेपेला शेजारीच उभी राहिले, नजर न हलवता,
तरी तो आणखी थोडा वाकलाच.
उरलेलं पीठ आम्ही त्यावरच वळलं.

संध्याकाळी पानसे काकू खाली आल्या,
शाल, मफलर, हातात रिकामी वाटी आणि तिळाच्या वड्या.
दोऱ्याला हात घातला, थांबल्या.
"ह्यात काही नाही ना गं?"

"अंडं?" मम्मी म्हणाली, स्कार्फ सारखा करत.
"अंडं नाही."