साडेसातच्या आत

सावद्याच्या दवाखान्यातले अकराशे बेचाळीस केसपेपर
मी उन्हाळाभर बसून टाइप केले.
वय, वजन, वरचं प्रेशर, खालचं प्रेशर,
नोंदणीची वेळ, कारण ती पेपरवर छापूनच येते,
आणि गोळी: पांढरी की पिवळी.
पांढरीने लघवी फार होते. पिवळीने पाय सुजतात.
दोन्हींनी प्रेशर उतरतं. कुठलीने कुणाचं,
एवढंच काढायचं होतं.

पण प्रत्येकाने एकच गोळी घेतलेली.
दुसरी घेतली असती तर, हा रकाना
कुठल्याच वहीत भरलेला नसतो.
प्रोग्राम तो अंदाजाने भरतो,
त्याच वयाचं, त्याच वजनाचं माणूस शेजारी बसवून;
आपण नाही का म्हणत, तुझ्या जागी मी असतो तर.

आधी जंगल लावलं. पाचशे झाडं.
उत्तर चांगलं आलं. कारण विचारलं
तर पाचशे बोटं पाचशे दिशांना.
मग एकच झाड मागितलं, दोन प्रश्नांपुरतं,
केसपेपरच्या पाठीवर मावेल असं.
बी टाकलं, म्हणजे एक आकडा,
पुन्हा पेरलं तर पुन्हा हेच उगवावं म्हणून.
दहा वाटे केले, नऊंवर शिकवलं, दहाव्यावर परीक्षा.
बाहेर सेहेचाळीस. पंखा तीच हवा परत परत देत होता.

झाड आलं. मूळ वर, फांद्या खाली.
पहिला प्रश्न: नोंदणी साडेसातच्या आत?
असेल तर पिवळी.
नसेल तर वय बघा, पंचावन्नच्या वर पांढरी.

घड्याळ बघून औषध द्यायचं?
बी बदललं. पुन्हा साडेसात.
पुन्हा बदललं. सात पंचवीस.

नूरबानू तडवी सिस्टर कापसाचे बोळे करत होत्या.
त्यांनी कागद उलटा धरला, मग सुलटा.
"साडेसातच्या आत कोण येतं? घड वाहणाऱ्या.
आठला ट्रक लागतो ना.
दिवसभर बागेत, चारी बाजूंनी माणसं,
पांढरी गोळी घेऊन बाया कुठी जातीन मंग?
नाही घेत. पुडी पदरात बांधून ठेवतात
अन् विचारलं की घेतली म्हणतात.
जी खरंच घेते तिला उन्हात चक्कर."

मी गठ्ठा पुन्हा सोडला.
साडेसातच्या आतल्या पेपरांना कोपऱ्यात
काळपट बोटं. केळीचा चीक.
लुगड्यावरून जात नाही, कागदावरून काय जाणार.
उन्हाळाभर तो माझ्या हाताखालून गेला.
त्याला कॉलम नव्हता.

सिस्टरांनी माझ्याच पेन्सिलीने वेळ खोडली
आणि वर लिहिलं: काम काय? कुठे?
म्हटलं, असं चालत नाही,
ही माहितीच नाही माझ्याकडे,
पुन्हा पहिल्यापासून गोळा करावी लागेल.
"मग करा," त्या म्हणाल्या, बोळे बरणीत भरत.

जंगलाशी असं भांडता आलं नसतं.
तरी जंगल शंभरात दोन माणसं जास्त बरोबर सांगत होतं.
अहवालात हे लिहिलंय, पान नऊ, खालून तिसरी ओळ.
ती दोन कोण, मला माहीत नाही.
त्यांनाही नाही.

सोमवारी सात वाजता खिडकीत मीच बसलो.
सुपडाबाई कोळी, अठ्ठेचाळीस.
काम? तिने नुसता तळवा पुढे केला.
कुठे?
"जिथी ट्रक लागीन तिथी."
मी लिहायला लागलो.
रकाना अपुरा पडला.