अंगवळणी

विनिपेग, उणे एकतीस.
रात्रीचा खेळ सुटला तेव्हा पार्किंगमध्ये
गाड्यांच्या नाकांतून विजेच्या वायरी लोंबत होत्या,
इंजिनं गोठू नयेत म्हणून खांबांना जोडलेल्या.
ऑर्विल म्हणाला, "हा बघा हारासिमचा शॉट.
नाळ कापायची राहून गेलेली जनावरं."

आम्ही सहा जण डोनटच्या दुकानात शिरलो,
चष्म्यांवर वाफ धरली,
आणि मागच्या फेब्रुवारीत जिथे टाकला होता
तिथूनच वाद उचलला:
तिसऱ्या सिनेमातली ती पाठ,
जिला खिडकी फुटते, कडी-बिजागऱ्यांसकट,
ती लॅटेक्सची की जिलेटिनची?

बोहदान म्हणतो, जिलेटिन.
तो खाटीक आहे, त्याचं मत वजनावर जातं.
"लॅटेक्स दिव्याखाली खोटं चमकतं.
ही पाठ घामेजली होती.
दुसऱ्या टेकला वितळायलाच लागली असणार,
नाहीतर बाई एवढ्या घाईने
खिडकी कशाला लावून घेईल?"

विचारायचं कुणाला?
हारासिम गिमलीला तळ्याकाठी राहतो,
मासे धुरी देऊन सुकवतो म्हणे.
एकोणीस वर्षांत एक फ्रेम नाही.

पर्पेतुआला त्याचे डॉक्टर पटत नाहीत.
तिची सगळी हयात वॉर्डात, रात्रपाळीत गेली.
"बरगडीतून टेलिफोन निघतो, निघू दे.
पण तो हात न धुता काढायचा?"

सिगरून सगळ्यांत लहान. तिच्याकडे सिद्धांत असतात.
देह म्हणजे कारखाना, देह म्हणजे सरहद्द,
देह म्हणजे आणखी काहीतरी, ते सांगताना
साखर तिच्या हनुवटीला लागली होती
आणि कुणी तिला सांगितलं नाही.

एमेरी गप्प होता.
बसच्या डेपोत मेकॅनिक. आठवड्यातून तीनदा
चार-चार तास यंत्राला जोडलेला.
त्याने कोट काढला, स्वेटर काढला,
शर्टाची बाही कोपराच्या वर सारली.
"इथे बोट ठेवा," म्हणाला.

कातडीखाली दोरखंडासारखी एक शीर,
धमनीशी शिवलेली.
आत गांधीलमाशी कोंडल्यासारखं
घूं घूं.

"पहिला महिनाभर झोप नाही.
उशीतून ऐकू यायचं.
वाटायचं, कापून फेकावं,
मग आठवायचं की ह्याच्यावरच तर आपण आहोत.
तेव्हा मी त्याचा दुसरा सिनेमा पाहिला.
तळहातात रेडिओ उगवतो तो.
माणूस ओरडतो, भाजून बघतो, हातोडी घेतो,
आणि शेवटी, आठवतं ना,
थकून खाटेवर बसतो
आणि स्टेशन लावतो.
थिएटरात लोक तोंडावर हात धरून बाहेर पळाले.
मला हसू आलं.
घरी जाऊन दंडाला कान लावला नि झोपलो.
मग पडलं अंगवळणी."

बोहदानने बोट ठेवलं,
हजारो जनावरं सोललेलं बोट,
आणि चटका बसल्यासारखं मागे घेतलं.
जिवंत सापडायची त्याला सवय नव्हती.
पर्पेतुआ घड्याळाकडे बघत मोजू लागली,
कशासाठी ते तिलाही माहीत नसावं.
ऑर्विलने हात खिशातच ठेवला.
सिगरूनने सगळ्यांत जास्त वेळ ठेवला
आणि काहीच म्हणाली नाही.
माझी पाळी आली तेव्हा
माझ्याच बोटाचे ठोके मधे येत होते,
कुठलं कुणाचं, कळेना.

काउंटरवरच्या पोराने फरशी पुसायला घेतली.
खुर्च्या उलट्या झाल्या, पाय वर.

एमेरीने बाही खाली ओढली, बटण लावलं.
"लॅटेक्स," तो म्हणाला.
"जिलेटिनमध्ये बिजागरी टिकत नाही."

"टिकते," बोहदान म्हणाला, "थंडीत टिकते,"
आणि आम्ही दार उघडलं.