खोबण

निरगुडपाड्याला सकाळी सहाला पहिली गाडी येते,
काच अर्धी खाली करून आधी विचारते,
वर जायला किती वेळ लागतो?
मी म्हणते, कुणाला?

हरिहर दुरून चौकोनी दिसतो,
सुरीनं कापलेल्या खरवसासारखा.
जवळ गेलं की उभा राहतो.

शनिवार-रविवारी नवे बूट येतात, घडीच्या काठ्या येतात.
कुणाच्या पाठीवर स्पीकर असतो, तो मी ठेवून घेते
काकडीच्या टोपलीखाली.
त्याचे पैसे घेत नाही.

पायऱ्यांच्या तोंडाशी एवढंच सांगते:
चढताना तोंड दगडाकडे, उतरतानाही दगडाकडेच.
दरीला पाठ द्या, तिला राग येत नाही.
आणि प्रत्येक पायरीला दोन्हीकडे खोबण आहे
मूठ मावेल एवढी.
खोदणाऱ्यानं आधी स्वतःची घालून बघितली असणार.

राजवटी मला पाठ आहेत,
यादवांपासून गोऱ्या साहेबापर्यंत, श्वास न घेता.
साहेबानं म्हणे बाकीच्या गडांच्या वाटा सुरुंगानं उडवल्या
आणि इथं आला, मान वर करून बघितलं,
आणि राहू दिलं.
खोबणी कुणी खोदल्या ते मात्र कुठल्याच कागदात नाही.
आत्या म्हणायची, आपल्याच पाड्यातलं कुणी असंल, मनकर्णे,
नाव नाही ना लिहिलं? मग आपलाच.

मार्गशीर्षातल्या एका मंगळवारी चिंतामण गोवर्धने आले.
नाशिकरोडच्या प्रेसमधून निवृत्त,
चौतीस वर्षं नोटा मोजल्या.
एकटेच. डब्यात थालीपीठ, डोक्याला मफलर.
अर्ध्या चढात थांबले. थांबले म्हणजे चिकटले.
मी दोन पायऱ्या खाली होते,
माझ्या डोळ्यांसमोर त्यांची पोटरी थरथरत होती.

अशा वेळी ‘घाबरू नका’ म्हणायचं नसतं,
माणूस लगेच खाली बघतो.
म्हटलं, काका, लोक सांगतात एकशे सतरा पायऱ्या.
मी कधी मोजल्या नाहीत. तेवढ्या मोजून द्या.
दगडाला कपाळ टेकलेलं तसंच ठेवून ते चिडले,
मग इतका वेळ काय करतोय मी?
सत्तेचाळीस झाल्या!

अठ्ठेचाळीस. उजवा हात खोबणीत.
एकोणपन्नास. डावा.
पुढं आवाज बारीक होत गेला, आकडा तुटला नाही.
दरवाजाच्या सावलीत बसले, पाणी प्यायले,
म्हणाले, एकशे चौदा.
तीन कमी.
आणि चेहरा असा केला
जशी त्यांच्याच टेबलावर गड्डी कमी भरली.

माथ्यावर मी सगळं दाखवलं:
तळं, मारुती, दारूकोठाराची खिडकी,
ब्रह्मगिरी, अंजनेरी, पलीकडे वैतरणेचं चकाकणारं पाणी.
ते हो हो म्हणत होते.
माकडानं थालीपीठ पळवलं तेही त्यांना कळलं नाही.
उतरताना मोजायला मी मनाई केली.

माघात परत आले, पुन्हा मंगळवारीच.
एकशे एकोणीस.
वर बसून खूप वेळ हसत राहिले,
इतका मोठा माणूस हसताना बघवत नाही असं हसले,
मग बोटं पुढं केली. टोकं सपाट, रेघ नाही.
म्हणाले, बँकेतलं यंत्र माझा अंगठा घेत नाही.
तीनदा पुसून लावला. ओळखतच नाही.

मला काही सुचलं नाही.
त्यांचा हात धरून शेवटच्या पायरीच्या खोबणीत ठेवला.
आतून ती तशीच,
कुणाची रेघ तिच्यातही शिल्लक नाही.

काल संध्याकाळी सगळे उतरल्यावर
मी पहिल्यांदा मोजायला घेतलं.
तिसापाशी खालून कुणी हाक मारली,
ताई, आमचा स्पीकर!
आता पुन्हा कधीतरी.