समुद्र कधी लागतो

स्वयंपाकघरातल्या टेबलावर नकाशा पसरलाय,
चॅरिटीच्या दुकानातून पन्नास पेन्सला आणलेला, कागदी.
स्विंडनपासून वेल्सपर्यंत एम-फोरची निळी शीर.
कोपरे वळू नयेत म्हणून
मिठाची बरणी,
लाटणं नको, घरंगळतं, म्हणून पोळपाट,
हृषीकेशचा चष्मा,
आणि चौथ्या कोपऱ्यावर निषाद, दोन्ही कोपरांनिशी.

सात वर्षांचा. त्याला गाडी लागते.
हे मी कुणाला तरी फोनवर सांगताना
त्यानं पहिल्यांदा ऐकलं आणि गुडघे तपासले.
"कुठे लागली?"
मग समजावत बसले:
भूक लागते, ठेच लागते, उचकी लागते,
जाताना वाटेत गावं लागतात,
आणि या सगळ्याला वेळ लागतो.
त्यानं विचारलं, मग समुद्र कधी लागतो?
म्हटलं, टेनबीला. साडेतीन तास.
तुझे थांबे धरून पाच.

ते थांबे मी लिहितेय.
ली डेलामेअर: उतरायचं, लागो न लागो.
पूल ओलांडला की मेगर: तोंड धुणं, एक केळं.
स्वान्सीच्या पुढे पाँट अब्राहम,
इथे दशम्या आणि लिंबाचं लोणचं.
लोणचं त्याला नाही, मला.
मँचेस्टर रोडवरच्या दुकानातला आलेपाक,
आइस्क्रीमचा रिकामा डबा, झाकणासकट,
दोन टॉवेल, ज्यांचं काही वाटणार नाही असे.

गाडी मीच चालवणार.
हृषीकेशला उजव्या डोळ्यानं धूसर दिसतं,
तो शेजारी बसून मैल मोजणार
आणि न विचारता "हळू" म्हणणार.
माझं लायसन्स मार्चमधलं, तिसऱ्या खेपेचं.
दुसऱ्या खेपेला मी मॅजिक राउंडअबाउटवर नापास झाले:
पाच छोटी चक्रं एका मोठ्याभोवती,
बाहेरून घड्याळासारखं फिरायचं, आतून उलटं,
आणि शेजारचा परीक्षक
काही न बोलता लिहीत राहतो.
म्हणून माझ्या रस्त्यात ते नाही.
मागच्या वस्तीतून वळसा, मग थेट मोटरवे.
अकरा मिनिटं जास्त. कोण मोजतंय.

हृषीकेश मोजतोय.
निषाद लाल खडूनं
आमच्या घराला चिकटून एक गोल काढतो,
त्याभोवती पाच.
"पहिला थांबा."
तिथे कुणी थांबत नाही रे, मी म्हणते,
तीच तर भीती आहे.
"मग नुसतं जाऊ."
मी खोडायला जाते. खडू जात नाही, पसरतो.
आता अर्धं स्विंडन गुलाबी.

रात्री साडेनऊ. जूनचा उजेड अजून रेंगाळतोय.
पायजम्यावर कोट, मांडीवर डबा,
आम्ही तिघं निघतो, कुठेही न जायला.
फायर स्टेशनजवळ वेग कमी करते.
पहिलं चक्र. उजवीकडून येणारा आधी.
दुसरं.
हृषीकेश "हळू" म्हणत नाही,
त्यानं दाराची कडी धरलीय.
मधल्या गोलाला उलटा फेरा घालते, आणि रस्ता
कसलीही जादू न करता
पुढे रस्ताच असतो.

मागून आरोळी: "परत!"
परत.
तिसऱ्या फेरीला त्याला लागते.
डबा वेळेवर. झाकण शोधेपर्यंत
माझी एक लेन चुकते, कुणीतरी हॉर्न देतो,
देऊ दे.
आणि डब्यातूनच, घुमणाऱ्या आवाजात,
"आई, लिही. पहिला थांबा."

काचा खाली करून घरी आलो.
इंजिन बंद केलं, मान वळवली:
तोंड उघडं, मुठीत खडू.
त्याला झोप लागली होती.