तोलार

आमराईच्या फाटकातून आत शिरलो की
भूपाल मगदूम वजनं सांगायला लागतो.
चौतीस वर्षं यार्डात हळदीची पोती तोलली,
नखं अजून पिवळी.

तो बाक? सव्वा मण, लोखंड धरून.
ती घार? किलोभर. उपाशी असली तर कमी.
पडलेली कैरी तळहातावर नुसती उडवली :
एकशे दहा ग्रॅम, देठ सोडून.

घसरगुंडीपाशी पोरं भांडत होती.
आम्ही मधल्या वाटेनं निघालो, जिथं फरशी उचकटलीय
आणि माळी पाइप वाहता सोडून
फोनवर पोरीच्या स्थळाबद्दल बोलत होता.
"आणि ह्या झाडाचं?" मी विचारलं.
भूपालनं बुंध्यावर हात ठेवला, वर बघितलं.
"उभ्या झाडाचं सांगू नये."

दोनदा बसलो. पूर्वी एका फेरीत बसत नव्हतो.

फाटकाबाहेर एक पोरगा वजनकाटा मांडून,
पाच रुपये.
भूपाल चपला काढून चढला, देवळात चढावं तसा.
एकावन्न.
दिवाळीत एकोणसाठ होता. मला आठवतंय. त्यालाही.

"काटा मारतोय रे तुझा."
पोरगा चिडला, "काका, कालच सेल बदललाय!"
मग मी चढलो, आकडा न बघताच उतरलो,
म्हटलं, खरंच मारतोय, माझंही चुकीचं दाखवतोय.

भूपालनं खिशातली कैरी काढून
काट्यावर ठेवली.
आकडा शून्यावरच.
"बघ," तो म्हणाला, "म्हटलं नव्हतं?"